फ्रीझरच्या झाकणावरचं सरकार

आमच्या जॅकफिश बेंडमध्ये सरकार कुठे राहतं असं कुणी विचारलं, तर शेंबडं पोरही अल्फोन्सिन मावशीच्या घराकडे बोट दाखवील. आणखी खोदून विचारलंत तर सांगेल, की दारातून आत शिरलं की डाव्या हाताला मूसच्या, म्हणजे इथल्या थोराड रानहरणाच्या, मांसाचा फ्रीझर आहे, त्याच्या झाकणावर.

मी ह्या गावचा टँकरवाला, एडमंड. उत्तरेच्या बर्फाकडे वाहणाऱ्या मॅकेंझी नदीचं पाणी भरायचं, घरोघरच्या टाक्यांत ओतायचं आणि वर ‘काल कुठे उलथला होतास’ हे ऐकून घ्यायचं, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. पाणी दिलं की कुणी आभार मानत नाही, नाही दिलं की मात्र सगळ्यांना माझं नाव आठवतं. असो. माझं रडगाणं पुन्हा कधीतरी. अल्फोन्सिन मावशी ही माझ्या आईची धाकटी बहीण, त्यामुळे मी तिच्याबद्दल जे सांगीन त्यात थोडं कौतुक मिसळलेलं असणार. खोटं मात्र नसेल. खोटं तिला चालत नाही, आणि पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ तेच आहे.

मावशी एकसष्ट वर्षांची, ठेंगणी, गळ्यात मण्यांच्या दोरीला अडकवलेला चष्मा. जन्म नदीकाठच्या मासेमारीच्या तळावर. मिशनच्या शाळेने तिला वळणदार अक्षर सोडून धड काही दिलं नाही, पण ते अक्षर असं, की तिने भरलेला अर्ज परत पाठवायचा धीर राजधानीतल्या कुणाला होत नसे. म्हणून एकवीस वर्षांपूर्वी ती गावची सरकारी सेवा अधिकारी झाली. म्हाताऱ्यांचं पेन्शन, जळाऊ लाकडाची मदत, शिकारीचा परवाना, गाडीचा परवाना, जन्माचा दाखला, कराचे कागद, सगळं तिच्याकडे. म्हातारे आमच्या डेने भाषेत सांगणार, मावशी ते इंग्रजीत लिहिणार. इसिडोर आजोबांचा जन्म हंस परत येतात तेव्हाचा. मावशीने त्याची तारीख केली, आणि पाद्रीबाबांच्या वहीत निघाली दुसरीच. तेव्हापासून आजोबा दोन वाढदिवस करतात आणि दोन्ही वेळा केक मागतात.

तिला सरकारने ऑफिसही दिलं होतं. गावच्या कचेरीच्या इमारतीत एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात झेंडा, आणि भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं एक पोस्टर. त्या कुटुंबातलं कुणीही आमच्या ओळखीचं नव्हतं. मावशी रोज सकाळी नऊला तिथे जायची, पाचला कुलूप लावायची. मधल्या आठ तासांत चपलांवर मणी शिवायची. एकवीस वर्षांत गावातल्या प्रत्येकाच्या पायात तिच्या चपला आल्या, काहींच्या दोन-दोन जोड झाले, पण ऑफिसात कामासाठी कुणी आलं नाही.

का आलं नाही, हा काय प्रश्न आहे? भर दिवसा सगळ्या गावादेखत ऑफिसात शिरायचं, म्हणजे ह्याचं काहीतरी बिघडलंय हे दुपारपर्यंत पलीकडच्या टोकाला कळणार. शिवाय ऑफिसात गेलं की समोरचा पहिलंच वाक्य विचारणार, ‘काय काम आहे?’ हे काय बोलणं झालं? आमच्यात असं बोलत नाहीत. आमच्यात माणूस दार न वाजवता आत येतो. दार वाजवतात ते फक्त पोलीस, आणि उन्हाळ्यात येणारे धर्मप्रचारक. आत यायचं, बसायचं. पहिल्या चहाला नदीचं पाणी किती उतरलं ते. दुसऱ्या चहाला मूस कुणाला मिळाला आणि त्यातला वाटा कुणाला मिळाला नाही ते. तिसऱ्या चहाला गप्प बसायचं. मग उठायचं, टोपी चढवायची, दाराच्या कडीवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, “बरं, एक कागद आला होता.”

आणि कडीपाशी काय आहे? फ्रीझर. म्हणून आमच्या गावचे सगळे अर्ज उभ्या उभ्या, टोप्या घालून, फ्रीझरच्या झाकणावर भरले गेले. मधेच शेजारीण मांस न्यायला आली की मावशी म्हणायची, “थांब, पेन्शन उचलते.” राजधानीतून एकदा पत्र आलं होतं, की आपल्या गावच्या अर्जांना धुराचा वास येतो, तरी खुलासा करावा. मावशीने खुलाशाबरोबर धुरी दिलेला एक मासा पाठवला. त्या विषयावर पुन्हा पत्र आलं नाही.

नवरा, बाप्टिस्ट काका, नऊ वर्षांपूर्वी गेला. मुलं शहरात. पण पाच वाजता मावशीने किटली चढवली की सात वाजेपर्यंत तिच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नसायची. ती तोंडाने कुरकुरायची, ‘माझ्या साखरेवर अख्खं गाव पोसलं जातंय’, आणि डबा पुढे सरकवायची.

आता भानगड.

दर महिन्याला तिला एक तक्ता भरून पाठवावा लागे. त्यात एक रकाना होता, ‘कार्यालयाला भेट दिलेल्या व्यक्ती’. मावशी तो खरा खरा भरायची. एकदा टाकी भरायला गेलो असताना मी तो तक्ता पाहिला आणि हातातला पाइप तिथेच टाकला.

“मावशी, अख्ख्या वर्षात सात?”

“सातच आले.” तिने बोटावर मोजून दाखवलं. “युफेमी दोनदा आली, तिला पलीकडच्या खोलीतल्या नर्सकडे जायचं होतं. तू तीनदा आलास, हात शेकायला. एकदा इसिडोर आजोबा, पोस्टरमधली बाई कोण ते विचारायला. आणि जुलैत तो होडीवाला गोरा पाहुणा.”

“त्याला काय हवं होतं?”

“संडास. दाखवला. ‘सेवा दिली’ ह्या रकान्यात ‘होय’ लिहिलंय, ‘समाधानी’ ह्यातही.”

“अगं, पण काल संध्याकाळी तुझ्या घरी सतरा जण होते!”

“ते घरी होते. इथे विचारलंय कार्यालयात किती.”

“मग घरचे लिही ना!”

“घरचा रकाना नाही,” मावशी म्हणाली. तिच्या दृष्टीने विषय संपला. मला ह्या बाईचा असा राग येतो कधी कधी, की टँकर तिच्या दारात उलटा करावा.

जे व्हायचं तेच झालं. ऑगस्टमध्ये राजधानीतल्या खात्याचं पत्र आलं. आपल्या गावात सेवेची गरज नसल्याचं दिसून येत आहे, तरी कार्यालय बंद करून त्या जागी एक यंत्र बसवण्याचा विचार आहे. यंत्राच्या काचेवर राजधानीतला अधिकारी दिसेल आणि नागरिकांनी त्याच्याशी बोलावं. त्याआधी पाहणीसाठी एक साहेब येतील.

त्या संध्याकाळी मावशीने पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. इसिडोर आजोबांनी कप खाली ठेवला.

“काचेतला माणूस?”

“हो.”

“त्याला चहा कसा पाजायचा?”

युफेमी, म्हणजे मावशीची पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण आणि गावची वाचाळ म्हातारी, म्हणाली, “मी तर नाही बोलणार बाई त्याच्याशी. त्याची आई कोण, कुठला, काही माहीत नाही.”

सगळे गेल्यावर मावशी कपबशा विसळत राहिली. मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली, “एडमंड, मला भीती वाटते रे. पगार गेला तर जाईल, मासे आहेत, मण्यांचं काम आहे. पण माझ्याकडे कागदच नसले, तर ही माणसं येतील का? बाप्टिस्ट गेल्यापासून एकही दिवस मी एकटी चहा प्यायलेली नाही.”

मी तिच्यावर ओरडलो, की तुझ्या टाकीचं झाकण नीट लागत नाही, आणि निघून आलो.

सप्टेंबरच्या शेवटी साहेब येणार असं कळलं. मी गावच्या रेडिओवर गेलो. तिथे एरवी बिंगोच्या खेळाचे आकडे सांगतात. मी आकडे थांबवून सांगितलं, की मंगळवारी सकाळी सगळ्यांनी मावशीच्या ऑफिसात जायचंय. घरी नाही. ऑफिसात. जो येणार नाही त्याच्या टाकीतल्या पाण्याचं मी बघून घेईन.

मंगळवारी विमानातून प्रुएट साहेब उतरले. पस्तिशीचा माणूस, नवे कोरे बूट, चाकांची बॅग. धावपट्टीच्या चिखलात बॅगेच्या चाकांनी जागच्या जागी जीव सोडला, तेव्हा साहेबांनी ती डोक्यावर घेतली. मला माणूस थोडासा आवडला.

ऑफिसात बावीस माणसं आणि दोन खुर्च्या. उरलेले भिंतीला टेकून जमिनीवर. सगळे आंघोळ करून आलेले, कारण आदल्या दिवशी मी सगळ्यांच्या टाक्या काठोकाठ भरल्या होत्या. साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी वही काढली आणि इसिडोर आजोबांपुढे वाकून विचारलं, “आजोबा, आपलं काय काम होतं?”

आजोबांनी मान खाली घातली. इतक्या लोकांत इतकं उघडं नागडं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं.

“काम? माझं? काही नाही.”

“मग आपण आलात कशासाठी?”

“एडमंडने बोलावलं.”

साहेब युफेमीकडे वळले. “आणि आपण?”

“मी बसलेय,” युफेमी म्हणाली. एरवी ही बाई झोपेतही बोलते.

चूक माझीच. ऑफिसात किटलीला मनाई होती, आगीचा नियम म्हणे. आणि पहिला चहाच नाही तर कडीपर्यंत माणूस पोचणार कसा? शिवाय मावशीने बऱ्याच जणांची कामं आदल्याच आठवड्यात फ्रीझरवर उरकून टाकली होती. साहेब येणार म्हणून तिने मुद्दाम काही मागे ठेवलं नव्हतं. दोन तास बावीस माणसं शांत बसून राहिली. एकदा कुणीतरी खोकलं तेव्हा साहेबांनी आशेने वही उघडली. शेवटी त्यांनी काय लिहिलं ते मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं: ‘नागरिक स्वच्छ, शांत व समाधानी. कोणतीही गरज आढळली नाही.’

मावशीने टेबलावरचे मणी एक एक करून डबीत भरले. तिने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण दुपारी नदीवरून धुकं चढलं. असं चढलं, की मला माझ्या टँकरचं नाक दिसेना. विमान आलं नाही. गावात हॉटेल एकच, आणि त्याचा मालक, त्याचा स्वयंपाकी आणि त्याची किल्ली असे तिघेही एकाच बोटीतून मूसच्या शिकारीला गेले होते. साहेब झेंड्याशेजारी बॅग कवटाळून बसले.

“चला घरी,” मावशी म्हणाली. तिचं ऑफिस बंद करायला आलेला माणूस, पण उपाशी ठेवायचा कसा?

पाच वाजता किटली चढली आणि पहिला माणूस दार न वाजवता आत आला. मग दुसरा. साडेपाचपर्यंत चौदा. साहेब माशाच्या रश्श्यात पाव बुडवत बघत होते. नदीचं पाणी झालं, मूस झाला, गप्प बसणं झालं. मग इसिडोर आजोबा उठले, टोपी घातली, कडीवर हात ठेवला.

“बरं, एक कागद आला होता.”

सकाळी ह्याच माणसाला काही काम नव्हतं! साहेबांच्या हातातला पाव रश्श्यात पडला.

त्यांनी वही काढली आणि मोजायला म्हणून फ्रीझरपाशी जाऊन उभे राहिले. तिथेच ते फसले. फ्रीझरपाशी उभा, हातात पेन, गळ्यात सरकारी ओळखपत्र. आमच्या लोकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि समजले, की सरकारने मावशीला मदतनीस पाठवलाय. अगदी वेळेवर पाठवलाय असंही युफेमी म्हणाली.

“हे घे पोरा,” तिने गाडीच्या परवान्याचा अर्ज त्यांच्या पुढ्यात ठेवला. “अक्षर नीट काढ. आमची अल्फोन्सिन फार छान काढते.”

“अहो बाई, मी पाहणीसाठी—”

“पाहणी नंतर कर. आधी लिही. डोळ्यांचा रंग. तुला काय दिसतोय?”

“तपकिरी.”

“तरुणपणी जास्त तपकिरी होते. तसं लिही.”

धुकं तीन दिवस राहिलं. दुसऱ्या दिवशी साहेब बसून चहा प्यायला शिकले. तिसऱ्या दिवशी ते गप्पसुद्धा बसले. आजोबांनी त्यांना तीनदा जन्मतारीख खोडायला लावली. शेजारीण आली की साहेब आपणहून म्हणू लागले, “थांबा हं, पेन्शन उचलतो,” आणि मांसाचा तुकडा वजनाला कसा आहे तेही हाताने जोखून सांगू लागले. तीन संध्याकाळी मिळून त्यांनी शेहेचाळीस माणसं मोजली आणि त्यांतल्या एकोणीस जणांचे कागद स्वतः भरले. चौथ्या सकाळी विमान आलं तेव्हा त्यांनी चढता चढता दाराच्या दांडीवर हात ठेवला, मागे वळले आणि म्हणाले, “बरं, अल्फोन्सिनबाई, तुमचं ऑफिस बंद होणार नाही. मी बघतो.”

मावशी रडली. भर धावपट्टीवर, सगळ्यांदेखत. आणि मग मला म्हणाली, ह्या विमानाच्या पंख्याचा वारा डोळ्यांना फार झोंबतो.

साहेब शब्दाला जागले, हे मी त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. ऑक्टोबरच्या मध्याला विमानातून एक पत्र आणि एक भलं मोठं चपटं खोकं आलं. पत्रात म्हटलं होतं, की पाहणीत आढळल्याप्रमाणे नागरिक अधिकाऱ्याच्या राहत्या घरी सेवा घेतात, सबब ते घर आजपासून खात्याचं अधिकृत कार्यालय समजण्यात यावं, घरी येणाऱ्यांची नोंद तक्त्यात करावी. खोक्यात पाटी होती. पत्र्याची, निळी-पांढरी, माझ्या हाताएवढी लांब. ‘सरकारी सेवा कार्यालय. वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ५. सर्व नागरिकांचे स्वागत आहे.’

टँकरची शिडी लावून मी स्वतः ती दारावर ठोकली. निम्मं गाव बघायला जमलं. मावशीने खाली उभं राहून ‘डावीकडून थोडी वर’ असं इतक्यांदा सांगितलं, की माझा अंगठा दोनदा हातोडीखाली आला. पाटी सरळ बसली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आपापल्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मावशीने किटली चढवली. कुणी आलं नाही.

वाटलं, पहिलाच दिवस आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी मावशीने खिडकीतून युफेमीला जाताना पाहिलं. पन्नास वर्षं ही बाई त्या दारावरून आत न डोकावता कधी गेली नव्हती. आता ती पाटीखालून मान खाली घालून, भराभरा, पोलीस ठाण्यावरून जावं तशी निघून गेली. दुसऱ्या दिवशी मी तिला रस्त्यात गाठलं.

“युफेमी काकू, हे काय चाललंय?”

“तिचं ऑफिस झालंय ना आता. लोक काय म्हणतील? म्हणतील, युफेमीचं काय बिघडलं?”

“अगं, तीच मावशी, तीच किटली!”

“मग तू का जात नाहीस?”

“मी जातो की! आज तिच्या पाण्याचाच वार आहे.”

मी तणतणत टँकर वळवला. एका पाटीला घाबरतात, लाजा वाटत नाहीत ह्यांना. पाइप जोडला, टाकी भरली, पायऱ्या चढलो, दारासमोर उभा राहिलो आणि दार वाजवलं.

मी! ठक ठक ठक. मला कळलंच नाही हात कधी वर गेला ते. माझ्या आईच्या सख्ख्या बहिणीचं दार, ज्यातून मी रांगत आत गेलो होतो.

मावशीने दार उघडलं. तिने पाटीकडे पाहिलं नाही, पाण्याच्या पाइपकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या तोंडात मारली असती तर तिचा चेहरा ह्याहून वेगळा झाला नसता.

“तूसुद्धा?” ती म्हणाली.

टेबलावर चौदा कप मांडलेले होते. किटलीतला चहा उकळून उकळून डांबर झाला होता. शेजारी तक्ता, त्यात तिच्या वळणदार अक्षरात तीन दिवसांचे तीन आकडे: शून्य, शून्य, शून्य. आता घरचा रकाना होता, पण भरायला माणूस नव्हतं. यंत्र परवडलं असतं, असं त्या क्षणी मला वाटलं. यंत्राने निदान तिचं घर तरी घेतलं नसतं.

“काढून टाकतो मी ती पाटी,” मी म्हणालो. “नदीत फेकतो.”

“खबरदार. सरकारी आहे ती.” तिने चष्मा चढवला आणि पत्र काढलं. मला वाटलं, आता ही बाई नियमावर बोट ठेवून एकटीने चहा पीत मरणार. ती पत्र वाचत राहिली. मग तिचं बोट एका ओळीवर थांबलं.

“एडमंड, हे बघ. ‘पाटी कार्यालयाच्या आवारात, सहज दिसेल अशा ठिकाणी लावावी.’”

“मग?”

“आवारात म्हटलंय. दारावर असं कुठे म्हटलंय?”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. एकवीस वर्षं मला जिच्या काटेकोरपणाने वात आणला, तिने त्याच काटेकोरपणाच्या जोरावर हातोडी शोधायला सुरुवात केली होती.

घराच्या मागे, नदीच्या बाजूला, तिचा माशांचा मांडव आहे. चार खांब, वर आडव्या काठ्या, आणि त्या दिवसांत त्यांवर थंडीसाठी टांगलेले पांढरे मासे, एकेका काठीला दहा-दहा, शेपट्या वर करून. आम्ही पाटी तिथे ठोकली. नदीकडे तोंड करून. पलीकडच्या काठावरून स्वच्छ वाचता येईल अशी, तिथे कुणी राहत नाही एवढंच. सर्व नागरिकांचे स्वागत आहे, आणि खाली ओळीने शंभर मासे.

बातमी मला रेडिओवर सांगावी लागली नाही. हातोडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला होता. पाच वाजता मावशीने डांबर ओतून दिलं, नवीन पाणी ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “नाही आले तर नाही आले. मी काही वाट बघत नाहीये.” तोवर तिने कप चारदा पुसले होते.

पाच वाजून सात मिनिटांनी दार धाडकन उघडलं. न वाजवता. युफेमी. तिने थेट आत येऊन आपल्या खुर्चीत बैठक मारली आणि म्हणाली, “पाणी दोन हात उतरलंय नदीचं.” मावशीने साखरेचा डबा पुढे सरकवला. थोडी साखर टेबलावर सांडली. युफेमीने ती बोटाने टिपून खाल्ली.

मग इसिडोर आजोबा, मग शेजारीण, मग ज्यांची नावं सांगत बसलो तर माझे उद्याचे टँकर चुकतील असे सगळे. सहा वाजेपर्यंत एकोणीस. मावशी एका हाताने चहा ओतत होती आणि दुसऱ्या हाताने तक्त्यावर काड्या मारत होती. प्रुएट साहेबांचा फोन आला, पाटी लागली का म्हणून. “लागली साहेब,” मावशी ओरडून म्हणाली, कारण गलका फार होता. “सहज दिसते. मासेसुद्धा वाचतात.” पलीकडे साहेब थोडा वेळ गप्प बसले. आम्हीच शिकवलं होतं त्यांना. मग म्हणाले, “छान. सुकले की एक पाठवा.”

माझा पाइप बाहेर गोठायला लागला असेल हे मला उशिरा आठवलं. मी धावत जाऊन तो गुंडाळला, चिखलातून तसाच परत आलो, आणि ह्या वेळी दाराला हात न लावता सरळ खांद्याने ढकलून आत शिरलो.

“बूट!” मावशी किंचाळली. “आत्ता पुसलंय मी सगळं! गाढवा, कुणाच्या घरात आलायस काही कळतं का?”

एकोणीस माणसं हसली. मी बूट काढले आणि चहाला बसलो.